दिवाळीनंतर आपल्या सभासदांचे सात प्रयोग आहेत. तारखा, जागा आणि प्रेक्षक यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न: चिटणीस, मंगळवार पेठ

सर्वांना सप्रेम नमस्कार. आपल्या कलामंडळात गाणारे, वाजवणारे, नाचणारे, नाटक करणारे आणि शाहिरी करणारे असे सगळे एकत्र आहेत, आणि यंदा तुळशीच्या लग्नापासून मार्गशीर्ष संपेपर्यंतच्या साडेसहा आठवड्यांत सभासदांचे सात प्रयोग होणार आहेत. दोन भगिनींची नाट्यपदांची मैफल आहे, एका तरुण सभासदाचे ख्यालगायन आहे, एकल कथक आहे, आपल्याच एका शाहिरांचा पोवाड्यांचा कार्यक्रम आहे, दोन एकांकिका एका संध्याकाळी सादर होणार आहेत, कवितांचे अभिवाचन आहे, आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्रावर आपल्यातल्या काही जणांचे दोन अंकी नाटक उतरणार आहे.

प्रत्येकाने आपापल्या सोयीने तारीख मनात धरली आहे आणि त्यामुळे एका रविवारी तीन प्रयोग येत आहेत, तर पुढचे दोन आठवडे कोरडे जात आहेत. गेल्या वर्षी हेच घडले. एकाच संध्याकाळी आपल्या दोन सभासदांचे कार्यक्रम पायी दहा मिनिटांच्या अंतरावर चालू होते. मी पहिल्या ठिकाणी मध्यंतरापर्यंत बसले आणि मग उठून दुसरीकडे गेले. तिथे दारातून आत पाहिले तेव्हा मागच्या सहा रांगा पूर्ण रिकाम्या होत्या आणि व्यासपीठावर गाणाऱ्या मुलीची आई पहिल्या रांगेत एकटी बसून मागे वळून वळून पाहत होती. तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, आणि म्हणूनच यंदा हे पत्र दोन महिने आधी लिहिते आहे.

दुसरी अडचण जागेची आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्याच नावाचे आपले नाट्यगृह जळाले. राजर्षी शाहू महाराजांनी बांधवून घेतलेल्या आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेल्या त्या वास्तूत आपल्यापैकी बहुतेकांनी रंगमंचावर पहिले पाऊल ठेवले होते. त्यानंतर आपण मिळेल त्या सभागृहात कार्यक्रम करू लागलो आणि कोणत्या कलेला कोणती जागा मानवते हा विचार मागे पडला. तेव्हा तारखा कशा बसवाव्यात, कोणता प्रयोग कुठे करावा आणि लोक कसे येतील, या तिन्ही गोष्टींवर जाणत्यांनी मनमोकळेपणाने लिहावे, अशी विनंती आहे.

उत्तर: विंगेतला, खासबाग

ताई, तुमच्या पत्रातली आईची गोष्ट वाचून मलाही बोलावेसे वाटले. मी प्रकाशयोजना आणि ध्वनी यांची कामे बरीच वर्षे करतो आहे, त्यामुळे प्रेक्षकांकडे माझे तोंड असते आणि रिकाम्या खुर्च्या कलाकाराच्या आधी मला दिसतात.

तारखांचे म्हणाल तर सर्वात आधी राज्य नाट्य स्पर्धेचा दिवस कागदावर लिहून ठेवावा, कारण तो सांस्कृतिक कार्य संचालनालय ठरवते आणि आपल्याला तो हलवता येत नाही. त्या प्रयोगाच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचा एक दिवस मोकळा सोडावा. नेपथ्य उचलणारे, रंगभूषा करणारे आणि माझ्यासारखे दिव्यांवर बसणारे हात सगळ्या गटांत तेच असतात. नाटकाच्या तालमीतून उठून कुणी कथकच्या दिव्यांना न्याय देऊ शकत नाही. उरलेले सहा प्रयोग त्या दिवसाच्या दोन्ही बाजूंना आठवड्याला एक याप्रमाणे बसतात.

त्यात आपल्या गावाच्या तीन गोष्टी सांभाळाव्या लागतील. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटेच पंचगंगेच्या घाटावर पणत्या लागतात आणि अर्धे गाव अंधारात उठून तिकडे निघते, म्हणून आदल्या रात्री उशिरापर्यंत चालणारा कार्यक्रम ठेवू नये. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते, आणि मुहूर्ताच्या दिवशी चांगला तबलजी किंवा ध्वनीची सामग्री देणारा माणूस ऐनवेळी मिळत नाही. पंचांग पाहून ते दिवस वगळावेत. तिसरी गोष्ट फुटबॉलची आहे. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने सुरू झाले की संध्याकाळी तरुण पोरे घरी सापडत नाहीत आणि सामना सुटल्यावर त्या बाजूच्या रस्त्यांवर गाडी घालणे कठीण होते. फुटबॉल हेही या गावाचे वेडच आहे, त्याच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. मोठ्या सामन्याच्या दिवशी एकांकिका ठेवल्या तर ज्यांच्यासाठी त्या लिहिल्या आहेत तोच प्रेक्षक मैदानावर असेल.

आता जागेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते अर्धा कार्यक्रम जागेनेच घडतो किंवा बिघडतो. नाट्यपदांच्या मैफलीला मोठे सभागृह मागू नका. गायन समाज देवल क्लब ही १८८३ पासूनची संस्था आहे आणि तिथल्या रंगमंदिराला गोविंदराव टेंबे यांचे नाव आहे. ज्यांनी नाट्यपदांना चाली दिल्या त्यांच्याच नावाच्या जागेत ही पदे गायली जावीत, हे मला मनापासून योग्य वाटते. ऑर्गन तिथे आणायचा असेल तर तो आदल्या दिवशी संध्याकाळी आणून ठेवावा. चार माणसांनी उचलून टेम्पोत घातलेला ऑर्गन उतरवल्या उतरवल्या वाजवायला घेतला की एखादा सूर अडकतो, आणि तो मोकळा करायला मागची फळी काढावी लागते. हे काम प्रेक्षक बसल्यावर करण्याचे नाही. ध्वनिवर्धक लावायचाच झाला तर गायिकेपुढे एक आणि तबल्यापुढे एक एवढाच लावावा. ऑर्गनपुढे तो ठेवला की पदाचे शब्द बुडतात, आणि नाट्यपदात शब्दच गेला तर मागे उरते ती नुसती चाल.

ख्यालगायनासाठी वातानुकूलन असलेले सभागृह घेणार असाल तर यंत्र कार्यक्रमाच्या तासभर आधी सुरू करून घ्यावे आणि तंबोरे त्याच हवेत जुळवावेत. बाहेर व्हरांड्यात जुळवलेला तंबोरा आत गार हवेत आला की तारा हलतात, आणि गवयाची पहिली वीस मिनिटे खुंट्या पिळण्यात जातात. ज्या उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांनी कोल्हापूर दरबारात राहून जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथे रुजवली, त्यांच्या गावात विद्यार्थ्याने बेसूर तंबोऱ्यावर गायला बसू नये.

कथकविषयी एकच पण महत्त्वाचे सांगतो. फरशीवर नाचू देऊ नका. फरशी पावलाचा आघात परत गुडघ्यात पाठवते, शिवाय घुंगरांचा आवाज तिथे पत्र्यासारखा येतो. जागा कोणतीही असो, लाकडी फळ्यांचा मंच आहे का हे स्वतः जाऊन, चप्पल काढून, टाच आपटून पाहावे. तो नसेल तर जाड प्लायवूडचे तक्ते सांधे घट्ट जुळवून अंथरावेत आणि सांध्यांवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे चक्कर घेताना पाय अडत नाही.

शाहिरीला मात्र छपराखाली कोंडू नये. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या गावात पोवाडा उघड्यावरच ऐकायला हवा. उघड्या जागेवर रात्री १० वाजता ध्वनिवर्धक बंद करावा लागतो, म्हणून साडेसातच्या आत पहिली ललकारी झाली पाहिजे. त्या दिवसांत रात्री दव पडते आणि डफाचे कातडे सैल होते. डफ शेकण्यासाठी जुने शाहीर मंचामागे शेगडी ठेवत असत. आपल्या नाट्यगृहाची आग पाहिल्यापासून मी मंचाच्या आसपास, कनातीजवळ किंवा पडद्याजवळ कोणताही विस्तव ठेवू देत नाही. त्याऐवजी पाचशे वॉटचा हॅलोजन दिवा एका लोखंडी स्टँडवर बांधून, कापडापासून दूर ठेवून त्यापुढे डफ धरावा. दोन मिनिटांत तो टणक बोलू लागतो, आणि दिव्याजवळ एक माणूस शेवटपर्यंत उभा राहील एवढी काळजी घ्यावी.

उत्तर: रसिक, शाहूपुरी

मी कलाकार नाही. गेली तीस वर्षे केवळ ऐकणारा आणि पाहणारा आहे, आणि त्या नात्याने चिटणीसताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

आपल्याकडे कार्यक्रमाचे निरोप फार मोघम असतात. मोबाइलवर एक रंगीत चित्र येते, त्यात पाच पाहुण्यांची छायाचित्रे आणि मान्यवरांची नावे असतात, आणि कोण काय गाणार आहे हे शोधावे लागते. मला पाहुणे कोण आहेत यात रस नसतो. कोणते राग गायले जाणार आहेत, साथीला कोण आहे, एकांकिका किती मिनिटांची आहे, लहान मुलांना आणावे की नाही, आणि कार्यक्रम किती वाजता संपणार आहे, एवढे कळले की मी घरी ठरवू शकतो. संपण्याची वेळ तर कुणीच लिहीत नाही. माझ्या वयाच्या माणसाला के.एम.टी.ची बस गाठायची असते किंवा मुलाला घ्यायला बोलवायचे असते; संपण्याची वेळ ठाऊक नसल्यामुळे आम्ही मध्यंतरात उठतो आणि कलाकाराला वाटते की त्याचे गाणे आवडले नाही.

दुसरे म्हणजे वेळेवर सुरू करा. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, मनोगत आणि सत्कार यांत पाऊण तास गेला की श्रोत्याचे कान थकतात. एका कार्यक्रमात सत्कारांची यादी इतकी लांबली की गायकाला मुख्य राग अर्ध्यावर आटोपून भैरवी घ्यावी लागली. मी त्या संध्याकाळी केवळ तो राग ऐकण्यासाठी उचगावहून आलेल्या एका वृद्ध गृहस्थांशेजारी बसलो होतो. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी मफलर गुंडाळला आणि भैरवी संपण्याआधीच निघाले. सत्कार करायचेच असतील तर ते शेवटी करावेत. ज्यांना थांबायचे आहे ते थांबतील.

आणि सातही प्रयोगांचा एकच छापील कागद काढा. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात चित्रप्रदर्शने पाहायला येणारी मंडळी, वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला बसणारे ज्येष्ठ आणि संगीत-नृत्याचे वर्ग चालवणाऱ्यांचे विद्यार्थी हे आपले नैसर्गिक प्रेक्षक आहेत. त्यांच्या हातात कागद गेला तर तो घरी भिंतीवर लागतो. मोबाइलवरचा निरोप संध्याकाळपर्यंत शंभर निरोपांखाली जातो. प्रवेश सर्वांना विनामूल्य ठेवावा, असेही मी सुचवेन, कारण नवा श्रोता तिकिटाच्या खिडकीपाशीच मागे फिरतो.

उत्तर: ठेका, राजारामपुरी

रसिककाकांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, मात्र विनामूल्य प्रवेशाला माझा स्पष्ट विरोध आहे आणि त्यामागचे कारण मोकळेपणाने मांडतो.

मी तबल्याची साथ करतो. विनामूल्य कार्यक्रमात सभागृहाचे भाडे द्यावे लागते, ध्वनीवाल्याला द्यावे लागते, मंडपवाल्याला आणि फुलवाल्यालाही द्यावे लागते. फक्त साथीदाराला नारळ, शाल आणि ‘आपलाच कार्यक्रम आहे’ हे शब्द मिळतात. मैफलीआधी मुख्य कलाकाराबरोबर मी किमान चार वेळा बसतो, आणि त्या चार संध्याकाळी माझी शिकवणी बुडते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पण ज्या गावाने गायनवादनाला आश्रय दिला त्या गावात वादकाने पैशाचा विषय काढताना संकोचावे, ही स्थिती बदलायला हवी. शंभर रुपयांचे तिकीट आणि विद्यार्थ्यांना तीस रुपये ठेवले तर कुणीही मागे फिरणार नाही. नाटक, संगीत आणि नृत्य यांच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर लागत नाही, त्यामुळे तोही बागुलबुवा नको. जमलेल्या रकमेतून सभागृहाच्या आधी साथीदारांचे मानधन बाजूला काढावे, असा नियम मंडळाने लिहून ठेवावा.

आता जे बोलायला जड जाते ते बोलतो. बाहेरचे प्रेक्षक कसे येतील हे आपण विचारतो आहोत, पण आपलेच सभासद एकमेकांच्या कार्यक्रमाला बसत नाहीत. गाणारे कथकला जात नाहीत, नाटकवाले ख्यालगायनाला जात नाहीत, आणि शाहिराच्या कार्यक्रमाला आपण सगळेच न गेल्यासारखे. मीही यात दोषी आहे; गेल्या वर्षी मी माझी साथ नसलेल्या एकाही कार्यक्रमाला गेलो नाही. ताईंनी लिहिलेल्या त्या रिकाम्या सहा रांगांत आपण साठ सभासद बसू शकलो असतो, आणि आपण प्रत्येकाने घरचे एक माणूस आणले असते तर खुर्च्या कमी पडल्या असत्या.

आपण ज्यांचे नाव अभिमानाने घेतो त्या केशवराव भोसल्यांनी काय केले ते आठवून पाहा. त्यांची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी या त्या काळातल्या सर्वात मोठ्या प्रतिस्पर्धी संस्था होत्या. तरीही ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला आणि बालगंधर्वांच्या भामिनीसमोर केशवराव धैर्यधर म्हणून उभे राहिले. त्यानंतर तीनच महिन्यांत, ऐन एकतिसाव्या वर्षी केशवराव गेले. दोघांचाही स्वतंत्र प्रेक्षक होता आणि दोघांनाही एकमेकांची गरज नव्हती, तरी ते एका रंगमंचावर आले. आपल्याला तर एकमेकांची नितांत गरज आहे. निदान एकमेकांसमोर खुर्चीवर बसण्याइतके तरी आपण यावे.

माझी सूचना अशी आहे की प्रत्येक प्रयोगाची दाराशी उभे राहण्याची, तिकीट फाडण्याची आणि खुर्च्या मांडण्याची कामे दुसऱ्या कलेच्या सभासदांनी करावीत. कथकच्या दिवशी नाटकवाले दारात, एकांकिकांच्या दिवशी गाणारे दारात. ज्याने खुर्च्या मांडल्या तो कार्यक्रम संपेपर्यंत थांबतो. शाहिरीच्या दिवशी दवात दिव्याजवळ उभे राहायचे काम मी माझ्याकडे घेतो.

उत्तर: कागदपत्रे, नागाळा पार्क

थोडक्यात लिहिते, कारण हा विषय कुणाला आवडत नाही आणि तो विसरल्याचे ऐन दिवशी कळते. एकांकिकांच्या संहितांना रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र हवे. त्या संहिता आजच पाठवाव्यात, कारण प्रयोगाच्या आधी दोन आठवडे धावपळ करून उपयोग होत नाही. दोन्ही लेखकांची लेखी परवानगी आणि मानधनाची पावती फाइलला लावावी. अभिवाचनात ज्या कवींच्या कविता आहेत त्यांना किंवा त्यांच्या वारसांनाही विचारायला हवे. कविता लहान असली तरी ती कुणाची तरी आहे. उघड्यावरच्या शाहिरीसाठी पोलीस ठाण्याची ध्वनिवर्धकाची परवानगी वेगळी घ्यावी लागेल. हे सगळे अर्ज मी लिहून देते. फक्त तारीख एकदा ठरली की ती बदलू नये, कारण तारीख बदलली की प्रत्येक कागद पहिल्यापासून करावा लागतो.

चिटणीस, मंगळवार पेठ यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी सातही प्रयोगांच्या प्रमुखांना घरी बोलावले होते. ही सर्व उत्तरे मी मोठ्याने वाचून दाखवली आणि ठेकादादांचा आपण एकमेकांच्या कार्यक्रमाला बसत नाही हा परिच्छेद वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही. मग कथक करणाऱ्या मुलीने सांगितले की ती सहा वर्षे मंडळात आहे आणि तिने आपल्या शाहिरांना कधी ऐकलेले नाही. शाहीरबुवाही म्हणाले की त्यांनी तिचा नाच पाहिलेला नाही.

त्यानंतर तारखा सोप्या झाल्या. स्पर्धेतल्या नाटकाचा दिवस मध्यभागी धरला आहे आणि त्याच्या आधी तीन व नंतर तीन प्रयोग आठवड्याला एक याप्रमाणे बसवले आहेत. ज्या रविवारी तीन प्रयोग येत होते तो दिवस ख्यालगायनाला दिला, कारण त्या मुलाची परीक्षा नंतर आहे. बाकी दोघांनी आपण होऊन माघार घेतली. तिकीट शंभर आणि तीस असे ठरले. रसिककाका, तुमचा आग्रह अर्धा मान्य केला आहे: पहिल्यांदा येणाऱ्या शाळकरी मुलांना आणि त्यांच्यासोबतच्या एका पालकाला तिकीट नाही. संपण्याची वेळ कागदावर सुरू होण्याच्या वेळेइतक्याच मोठ्या अक्षरांत छापणार आहोत आणि सत्कार शेवटी होतील. स्पर्धेचा दिवस वगळता साथीदारांचे मानधन प्रयोगाच्या दिवशीच, सभागृह सोडण्याआधी पाकिटात दिले जाईल.

जागांपैकी कथकची अजून ठरायची आहे. दोन सभागृहांचे मंच पाहायला मी, ती मुलगी आणि विंगेतले दादा गुरुवारी सकाळी जात आहोत. कागदपत्रांचे काम ताईंकडे सोपवले आहे, संहितांच्या प्रती आज संध्याकाळी त्यांच्या घरी पोहोचतील.

दाराशी उभे राहण्याची यादी केली तेव्हा गेल्या वर्षी रिकाम्या खुर्च्यांपुढे गायलेल्या त्या मुलीने स्वतःहून शाहिरीचा दिवस मागून घेतला. तिची आईही खुर्च्या मांडायला येणार आहे. ठेकादादा, दिव्याजवळ तुम्ही आहातच. विंगेतल्या दादांनी लोखंडी स्टँड आणून माझ्या व्हरांड्यात ठेवला आहे, तो त्या दिवशी पाच वाजता घेऊन जा.